नऊ सिलिंडरचं नाक

९ जानेवारी २०२५, वसमत

आज पहिलं नाक साच्यातून धड निघालं. काय काय लागलं ते आधी मांडतो. एकोणीस दिवस. सिलिकॉनचे चार साचे, त्यातले तीन फेकले. उजव्या अंगठ्याचं अर्धं नख. नरसीला मेहुणीच्या पोरीचा साखरपुडा चुकला, म्हणून बायकोचा, संध्याचा, अडीच दिवसांचा अबोला. आणि बंडोपंत सरांच्या घरचा बिनसाखरेचा चहा, कमीत कमी चाळीस कप. एवढं सगळं घालून हातात जे आलं ते सुपारीएवढं आहे.

नाक म्हणजे विमानाचं. कर्टिस हॉक, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं अमेरिकन लढाऊ विमान. फ्रान्सनं घेतलं. फ्रान्स पडल्यावर उरलेली इंग्रजांकडं गेली, त्यांनी मोहॉक नाव ठेवलं आणि बरीचशी आपल्याकडं आसाम-ब्रह्मदेशाच्या बाजूला धाडली. जगात हौशी लोक आहेत, ते असली विमानं वीतभर करून कपाटात मांडतात. पण त्यांना खोक्यात मिळालेलं विमान चौदा सिलिंडरच्या इंजिनाचं, आणि आपल्याकडं उडालेलं नऊ सिलिंडरचं. बाकी देह तोच, नाक वेगळं. हौशी माणसाला नाक चुकलेलं खपत नाही. मग तो माझ्यासारख्याकडून रेझिनचं नाक घेतो. चेक देशातल्या एका दुकानदारानं साठ पेट्या सांगितल्यात. आवडलं तर पुढं सगळे प्रकार करायचे: ए-वन, ए-टू, ए-थ्री चौदा सिलिंडरचे, ए-फोर नऊचं.

हात माझे, अक्कल सरांची. सरांनी मला आठवी-नववीला चित्रकला शिकवली. त्यांचे वडील लढाईच्या काळात बंगळूरच्या विमान कारखान्यात ट्रेसर होते, नकाशे गिरवायचे. सरांनी त्यावरून आयुष्यभर नकाशे काढले. आता शहात्तर वर्षांचे आहेत, पत्नी वारल्या, मुलगी सुनीती नांदेडला, घरात एकटे. रोज तीन वाजता माझ्या शेडमध्ये येतात.

वही लिहायची सवय वाळूजची. शिफ्ट संपली की लॉगबुक भरायचं. झाडू मारायला लागलो होतो तिथं, टूलरूमचा फोरमन होऊन निघालो. कारखाना बंद पडला, सवय राहिली. आणखी एक गोष्ट तिथून आणली ती म्हणजे कान. कॉम्प्रेसरचा पट्टा उद्या तुटणार हे मला आज ऐकू येतं. माणसाचंही तसंच. खोटं बोलताना आवाज अर्धं सूत, म्हणजे केसभर, वर जातो. बावीस वर्षांत एकदाही चुकलो नाही.

१८ जानेवारी

सर आज उलटा स्वेटर घालून आले. शेडवर कामाला येणारी कमलबाई रेझिनचे तुकडे घासत बसली होती, ती म्हणाली, "सर, शिवण भायेर आली बघा."

सर म्हणाले, "थंडी आतून वाजते गं, शिवण बाहेरच बरी."

आम्ही सगळे हसलो. हजरजबाबीपणा शाबूत आहे.

वडिलांनी बंगळूरहून नकाशाचे कागद कसे आणले ती गोष्ट तीन वाजता सांगितली. धोतराच्या घडीत गुंडाळून. चार वाजता परत सांगितली, तेव्हा कागद छत्रीत होते. मी मान डोलावली. गोष्ट सांगणारा माणूस माल फिरवून मांडतोच.

एक मात्र टिपलं. सर हल्ली शब्द राखून बोलतात. रेझिनला रेझिन म्हणत नाहीत, "ते घट्ट होणारं" म्हणतात. साच्याला "तुझं ते भांडं". माल राखून ठेवणारा व्यापारी असाच बोलतो.

२५ जानेवारी

नांदेडचे गुलाबचंदशेठ हळदीच्या कामानं मोंढ्यावर आले होते, ते शेडवरही डोकावले. खेळण्यांचा ठोक धंदा. नाक चिमटीत धरून म्हणाले, "प्रमोदभाई, ये नक्शा किसका है? आपका तो नहीं लगता."

"आमच्या गुरुजींचा."

"गुरुजी को संभालो. आदमी सोना है." आणि जाता जाता सरांच्या खिशात कार्ड सरकवलं. सरांनी ते नीट वाचलं आणि चष्म्याच्या डबीत ठेवलं.

मला ते डबीत ठेवणं आवडलं नाही.

२ फेब्रुवारी

ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

सर शेडच्या मागं लिंबाखाली फोनवर होते. कॉम्प्रेसर चालू होता. दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं. "प्रमोदला एवढ्यात सांगू नको. त्याचं काम अर्धवट आहे. हो, गुरुवारी येतो नांदेडला. कागद सगळे घेऊन येतो."

आत आले आणि मला म्हणाले, "सुनीतीचा फोन होता." आवाज अर्धं सूत वर. खोटं नव्हतं कदाचित, पण पूर्ण खरंही नव्हतं.

नांदेड. कागद. प्रमोदला सांगू नको. मी अडाणी घरातून आलो असेन, पण दोन अन् दोन मिळवता येतात.

३ फेब्रुवारी

परीक्षा घेतली. गुरूची परीक्षा शिष्यानं घ्यावी का, हा प्रश्न सकाळी पडला होता, दुपारी मिटला.

चहा देताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, ए-थ्रीला नऊच सिलिंडर ना?"

सर चमचा हलवत होते. साखर नसते, तरी हलवतात. "हो. नऊ."

"आणि ए-फोरला चौदा?"

"चौदा. लिहून घे."

उलटं! हे मला पहिल्या आठवड्यात त्यांनीच पाठ करून घेतलं होतं, चुकलो तर पट्टी टेबलावर आपटायचे. आज सरळ उलटं सांगितलं आणि आवाज अर्धं सूतही हलला नाही. एवढ्या सफाईनं खोटं बोलणारा माणूस मी वाळूजलाही पाहिला नाही, आणि तिथं युनियनचे पुढारी होते.

संध्याला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आवाज सरळ हाय तर त्यांला तसंच वाटत आसंल की."

"काहून वाटंल? चाळीस वर्षं तेच केलंय माणसानं."

"मला काय म्हाईत. पण सर वाळून गेलेत. तुमी कधी तोंडाकडं बघितलं का त्यांच्या? नुसते कान लावून बसता."

संध्या भोळी आहे. तिला धंद्यातले डाव कळत नाहीत.

५ फेब्रुवारी

उद्या गुरुवार. त्याआधी फाइल हातात घेतली. "सर, स्कॅन करून ठेवतो, पावसापाण्याला बरं." हिरवी फाइल, नाडीची, सर ती काखेतून काढत नाहीत. द्यायला कां कूं केली.

"संध्याकाळी देशील ना?"

"देतो की."

"नक्की?"

"सर, मी काय पळून चाललोय?"

दिली. घरी उघडली तर पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आणि प्रत्येक नकाशाच्या कडेला चिठ्ठ्या चिकटवलेल्या. "गॅस बंद केला का." "सकाळची गोळी पांढरी." "सुनीती", आणि तिचा नंबर. एक तर माझ्याच नावाची: "प्रमोद खिल्लारे. माझा विद्यार्थी. शेड मोंढ्यामागे, निळा दरवाजा. तीन वाजता." हसू आलं. मास्तर लोकांची शिस्त. रोज यायचं ठिकाण कुणी लिहून ठेवतं का?

स्कॅनरच्या काचेवर कागद सपाट बसेना, म्हणून चिठ्ठ्या सगळ्या सोलून काढल्या. दोन तास गेले. गोंद चांगला होता.

फाइल परत दिली नाही. काम संपल्यावर देऊ.

६ फेब्रुवारी

सर नांदेडला गेले नाहीत. दिवसातून तीनदा शेडवर आले. पहिल्यांदा: "प्रमोद, माझी फाइल?" दुसऱ्यांदा तेच, जसं काही पहिल्यांदाच विचारतायत. तिसऱ्यांदा दारात नुसतेच उभे राहिले. पायात दोन वेगळ्या चपला.

"सर, स्कॅन चालू आहे."

"बरं, बरं. मी काय विचारत होतो?"

कमलबाई म्हणाली, "देऊन टाका की वो. काहून तरसवता म्हाताऱ्याला?"

मी म्हणालो, नाटक आहे. ती घासत राहिली. तिचं घासणं आज जरा जोरात होतं.

९ फेब्रुवारी

डाव सापडला!

ए-फोरचा नकाशा भिंगाखाली बघितला. नाकाच्या वरच्या बाजूला, जिथून बंदुकांच्या नळ्या बाहेर येतात, तिथं दोन फुगवटे पूर्वी काढलेले होते आणि नंतर रबरानं खोडलेत. कागद तिथं खरवडून पातळ झालाय. इंग्लंडात एक जुनं हॉक अजून उडतं, त्याचे फोटो नेटवर शेकड्यानं आहेत. बघितले. फुगवटे आहेत, ठळक, पाण्याच्या थेंबासारखे. म्हणजे सरांनी मला पुसलेला नकाशा दिला आणि खरा डोक्यात ठेवला. गुलाबचंदला विकायला.

दिवसभर बसून मास्टरवर, म्हणजे ज्यावरून साचा काढतो त्या मूळ नाकावर, दोन्ही फुगवटे पुट्टीनं बसवले. मापं फोटोवरून काढली. सुरेख झालेत. नवीन साचा ओतला. आता या विमानासाठी मला कुणाला विचारायची गरज नाही. पेटीतल्या कार्डावर छापायला दिलं: "अभ्यास आणि घडण: प्रमोद खिल्लारे, वसमत. मापात एकही चूक नाही." आधी दोन नावं होती.

वाईट वाटलं. पण मला कुणी काही आयतं दिलेलं नाही. माझं मी राखलं नसतं तर आज झाडूच मारत असतो.

१२ फेब्रुवारी

सरांना सांगून टाकलं. एकांतात सांगायला हवं होतं. कमलबाई होती, खोकी न्यायला आलेला टेम्पोवाला उत्तमसिंग होता.

"सर, तुमचं काम झालं. उद्यापासून यायची तकलीफ घेऊ नका."

"का रे? चुकलं काही?"

"ते तुम्हालाच माहीत. ए-थ्रीला नऊ सिलिंडर, नाही का?"

सर माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "नऊ..." आणि बोटं मोजायला लागले. एक, दोन, तीन. सातावर थांबले आणि परत एकपासून. उत्तमसिंग हसला. मीही हसलो, हे लिहून ठेवतो, कारण ही वही माझी आहे आणि हिच्याशी खोटं बोलून काय मिळणार.

"शाळा सुटली का?" सरांनी विचारलं.

"सुटली, सर."

गेले. निळ्या दरवाजातून डावीकडं वळले. घर उजवीकडं आहे.

मंडईत काम असेल.

१३ फेब्रुवारी

दुपारी जवळा बाजारच्या शाळेतून फोन. सर तिथं सापडले. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी नोकरी तिथं सुरू केली होती, मला शिकवलं तेही तिथंच. रात्र कुठं काढली कुणाला माहीत नाही. सकाळच्या एसटीतून उतरले, सरळ नववीच्या वर्गात शिरले आणि खडू घेतला. तिथल्या बाईंनी फोनमधला शेवटचा नंबर लावला, तो माझा.

मोटारसायकल काढली. वर्गात पोचलो तेव्हा पोरं चिडीचूप बसली होती. सरांच्या पायात चपला नव्हत्या, धोतराला चिखल, आणि फळ्यावर टोकापासून टोकापर्यंत हॉक. पट्टी न लावता. पंखाची रेघ अशी की मला फोरमन असताना यंत्रावर आली नसती. नाक आखूड, जाड, गुळगुळीत. फुगवटे विसरले होते.

बाई म्हणाल्या, "हाजरी घ्यायला लागले तेव्हा कळलं आमाला. सगळी नावं जुनी. एक नाव धरून बसले होते, तीनदा पुकारलं. खिल्लारे प्रमोद."

पोरांपैकी कुणी ‘हजर’ म्हणालं का, ते मी विचारलं नाही.

गाडीवर मागं बसवलं. तासभर रस्ता, माझ्या कमरेला लहान लेकरासारखं घट्ट धरून होते. ऐकायला काहीच नव्हतं.

१४ फेब्रुवारी

सुनीती सरांच्या घरी आली, मी आणि संध्या तिथंच होतो. बँकेतून थेट, हातात पर्स तशीच.

"प्रमोददादा, बाबांची हिरवी फाइल कुठे आहे?"

"माझ्याकडं. स्कॅन..."

"त्याशिवाय ते कधी घराबाहेर पडत नव्हते. त्यांचं सगळं त्यात लिहून ठेवलंय. बाबांनीच लिहिलंय, हात चालतोय तोवर. दीड वर्ष झालं डॉक्टरांनी सांगून. सहा तारखेला, गुरुवारी, दाखवायला आणायचं होतं, जुने रिपोर्ट घेऊन."

मी म्हणालो, मला सांगायला हवं होतं.

"मी म्हटलं होतं त्यांना. ते म्हणाले, नको, कळलं तर प्रमोद काम काढून घेईल. दुपारी तीन वाजता कुठेतरी जायचं असतं म्हणून मी उठतो, म्हणाले."

फाइल आणून दिली. तिनं उघडली. पुठ्ठ्यावर गोंदाचे पिवळे चौकोन.

"चिठ्ठ्या?"

मी सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नाडी बांधली, नीट दोन गाठी मारून, आणि बाबांचे कपडे पिशवीत भरायला आत गेली.

संध्या दारात उभी होती. घरी येताना ती माझ्या पुढं चालत राहिली.

१५ फेब्रुवारी

मी काय डॉक्टर आहे? लोकांनी सांगायचं नाही आणि मग मी ओळखायचं.

हे काल रात्रीपासून मनात म्हणतोय. शंभरदा म्हटलं. अजून पटत नाही.

३ मार्च

काम चालू आहे. साठ पेट्यांचा शब्द दिलाय.

एक विचार आला. सरांनी फुगवटे खोडले ते लबाडीनं नाही, हे आता कळलं. मग आजारात खोडले असणार. फळ्यावरही विसरलेच होते. म्हणजे मी ते परत बसवले ते बरंच झालं, एका अर्थी मी सरांची चूक झाकली. कार्डावर त्यांचं नाव परत घालायचं ठरवलं. छापखानेवाला म्हणाला, कार्डं छापून झाली. पुढच्या खेपेला घालू.

कमलबाई कामावर येते, पण तीन वाजले की हात थांबवून दरवाजाकडं बघते. मी तिला काही म्हणत नाही. मीपण बघतो.

१७ मार्च

पेट्या गेल्या. पोस्टात चार चकरा. उत्तमसिंगनं टेम्पोचं भाडं घेतलं नाही. म्हणाला, "उस दिन हँसना नहीं था, भाई." मी म्हणालो, "छोडो." त्याला म्हणालो की मला, कोण जाणे.

२२ मार्च

नांदेडला जाऊन आलो. एक पूर्ण हॉक जोडून, रंगवून नेलं. भारतातल्या मोहॉकचा रंग, वर हिरवा-मातकट. सात दिवस लागले. सरांना द्यायचं आणि माफी मागायची, असं ठरवून गेलो होतो. वाक्य पाठ केलं होतं.

सर खिडकीशी खुर्चीत होते. दाढी सुनीतीनं केली होती, गालावर एक काप. मी वाकलो. ते अवघडून उठायला लागले.

"बसा ना. आपण सुनीतीच्या बँकेतले का?"

"सर, मी प्रमोद."

"छान, छान."

मागं सुनीती चहा गाळत होती. गाळणी थांबल्याचं मला ऐकू आलं.

पाठ केलेलं वाक्य राहिलं. विमान त्यांच्या तळहातावर ठेवलं. सरांनी ते बघितलं नाही, आधी अंगठा फिरवला. शेपटीपासून पुढं. पंखाच्या बुडाशी थांबले, मान हलवली. मग अंगठा नाकावर आला आणि पहिल्या फुगवट्याला अडला. मागं नेला, परत आणला, परत अडला. वर्गात वही तपासताना कपाळाला जी आठी यायची ती आली.

"हे कुणी केलंय?"

"मीच, सर."

"हात चांगला आहे." मग सुनीतीकडं वळून, "अगं, रबर दे."

तिनं ड्रॉवरमधून पेन्सिलीचं रबर काढून दिलं. सर फुगवटा खोडायला लागले. हिरवा रंग निघाला, खालचं राखाडी रेझिन दिसलं. रबराचा भुगा धोतरावर पडत होता. फुगवटा कुठला जातोय.

"सर, इंग्लंडातल्या विमानाला आहेत."

"ते चौदाचं." मान वर न करता म्हणाले. "हे नऊचं आहे ना? नाक बघा. नाकावरून कळतं." आणि परत घासायला लागले.

मी त्यांना आकडे विचारले होते, ए-थ्रीला किती, ए-फोरला किती. वस्तू हातात कधी दिली नव्हती.

चहा झाला. निघताना सर अजून घासत होते. सुनीती म्हणाली, "राहू दे, दादा. बऱ्याच दिवसांनी काहीतरी करतायत."

घरी आल्यावर आसाम आणि बंगालच्या विमानतळांवरच्या मोहॉकचे जुने फोटो शोधले, मिळाले तेवढे सगळे, एकेक भिंगाखाली. तेवीस फोटो.

नऊ सिलिंडरच्या हॉकला ते फुगवटे नव्हतेच. साठ पेट्या सोमवारी गेल्या.